डावीकडून गेलेले दाजी

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं. आमची ही म्हणते, "तुम्ही भुतांना मानत नाही आणि घरात तुमच्या गोष्टी कोणी मानत नाही. फिट्टंफाट!" तेही खरंच. आमच्याकडे लग्नकार्य निघालं की जेवणं झाल्यावर मला मधल्या खोलीत गादीवर बसवतात आणि गोष्टी सांगायला लावतात. पोट सुटलंय, टक्कल पडलंय, गाता येत नाही, पत्त्यांत हमखास हरतो... माझा दुसरा उपयोग तरी काय? त्यातली जी गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली, आणि जिला लोक सगळ्यात जास्त हसले, तीच आज लिहायला बसलोय. लिहिताना मात्र हसू येत नाहीये.

बुऱ्हाणपूर तेव्हा राज्यांच्या फेररचनेत नुकतंच नागपूरकडून भोपाळकडे गेलेलं. म्हणजे गाव जागच्या जागी, तापी जागच्या जागी, कागद तेवढे उलट्या दिशेनं जायला लागले. जुन्या राज्यांची सरकारी खाती एकात एक कालवली जात होती आणि ज्या त्या हापिसात एकच चर्चा — कोण वर गेला, कोण खाली आला. माझ्या ताईचे यजमान जंगल खात्यात होते. दोघं आमच्याच घरी राहायचे. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, ते मला 'साले साहेब' म्हणायचे. नागपूरच्या अमलात दाजींचा मोठा रुबाब. नव्या राज्यात त्यांच्या डोक्यावर वयानं बराच लहान साहेब येऊन बसला, तोही दुसऱ्या संस्थानातून आलेला. दाजींना ते काही पचेना.

"ज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव त्या पोराच्या खाली लागलं ना," दाजी बुधवारा पेठेतल्या आमच्या ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला ऐकवायचे, "तर चालू कामातून सरळ निघून येईन बघा. टोपी त्याच्या टेबलावर, अन् मी इथे!"

हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं. तिथेच घात झाला.

त्या उन्हाळ्यात डोईफोडिया गावाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, राखीव जंगलाच्या एका ब्लॉकमधली जनावरं मोजायची ठरली. तिथली शिकार कायमची बंद करावी इतकी जनावरं आहेत का, ते वर कळवायचं होतं. दाजींना चार शिकलेली माणसं हवी होती. मी नुकताच मास्तर झालेलो, सुट्टी होती, आणि चितळ आणि सांबर यांतला फरक मला कळतो असा दाजींचा गैरसमज होता.

मोजणी हाका घालून व्हायची. शिकारीत घालतात तसाच, फक्त बंदूक नाही. ब्लॉकच्या एका टोकाला हाकेवाले डबे, ढोल घेऊन ओळीनं उभे राहणार आणि बोंबलत पुढे सरकणार. दुसऱ्या टोकाला, मोकळ्या केलेल्या पट्टीवर, आम्ही मोजणारे एकेक झाड धरून वर बसणार. जनावरं आमच्या मधून बाहेर पडतील ती मोजायची.

"साले साहेब, नियम एकच," दाजींनी बजावलं. "तुमच्या झाडापासून डाव्या हाताच्या झाडापर्यंत जे जाईल ते तुमचं. उजवीकडून ऐरावत गेला तरी तो तुमचा नाही, पलीकडच्याचा. नाहीतर एकच चितळ दोघं मोजून ठेवतील. आणि तोंड बंद! झाडावरनं नुसतं खोकलात तरी जनावर वळतं."

वही-पेन्सिल नको, कारण लिहायला मान खाली घातली की दोन-चार जनावरं निसटतात. म्हणून दाजींची बियांची पद्धत होती. चितळाला चिंचोका, सांबराला सीताफळाची बी, डुकराला मक्याचा दाणा, अस्वल किंवा बिबट्या आला तर गुंज. सगळं उजव्या खिशात ठेवायचं, जनावर गेलं की त्याची बी डाव्या खिशात टाकायची. ताईनं माझ्या बंडीला मोठे खिसे शिवून दिले, बिया वेचून दिल्या आणि वर तोंडात टाकायला एक अख्खी सुपारी.

मोजणीच्या दिवशी सकाळीच साहेबाची आणि दाजींची जुंपली. बातमी आली होती की यादीत नावं लागली, आणि दाजींचं खाली लागलं. साहेब म्हणाला, "काम कीजिए, नाराज़गी घर पर दिखाइए." हाकेवाल्यांबरोबर मधोमध चालायचं काम दाजींकडे होतं, ते तिकडे निघून गेले. मी माझ्या झाडावर चढलो. चढलो म्हणजे, दोघांनी खालून ढकललं. माझ्या डाव्या हाताच्या झाडावर रेंज ऑफिसचे वर्माबाबू होते.

शिट्टी झाली. लांबून गलका सुरू झाला. डबे, ढोल, शिव्या, आरोळ्या... आधी मोर उडाले, मग डुकरं आली, मग चितळं. मी तारांबळ उडवत बिया टाकत होतो. मग सांबरांचा एक कळप आला.

आणि त्या सांबरांमध्ये दाजी होते.

चालत होते. धावत नव्हते. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर टोपी नाही, हात पाठीमागे बांधलेले — रात्री जेवण झाल्यावर बुधवाऱ्यातून शतपावली घालायचे, अगदी तसेच. एक सांबराची मादी त्यांना खेटून गेली. हाक्यातून सुटलेलं जनावर माणूस दिसला की बिचकतं, वळतं. आम्हाला झाडावर बसवलं होतं तेच त्यासाठी. त्या कळपातलं एकही जनावर वळलं नाही. हे माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. डोक्यात एवढंच आलं — निघाले! बोलल्याप्रमाणे निघाले! टोपी टेबलावर, अन् हे ओट्यावर!

खरं सांगतो, मला त्यांचा अभिमान वाटला. हाक मारायची सोय नव्हती. ते चांदनी स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागले. मी गंमत म्हणून ताईची सुपारी काढली आणि डाव्या खिशात टाकली.

हाका संपला. मोहाच्या झाडाखाली चादर अंथरून आम्ही एकेकानं डावे खिसे रिकामे केले. वर्माबाबू बिया वेगळ्या करत होते. त्यांनी सुपारी उचलली.

"मास्टरजी, ये कौन सा जानवर है?"

"हमारे जीजाजी," मी म्हणालो.

चादरीभोवती जो हशा पिकला! तेवढ्यात साहेबानं विचारलं, की आहेत कुठे तुमचे जीजाजी? हाकेवाले सगळे बाहेर आले होते, दाजी तेवढे नव्हते. मी जे पाहिलं ते सांगितलं.

"जी हाँ, देखा तो मैंने भी," वर्माबाबू म्हणाले. "पर मेरे दाएँ से गए. मेरी गिनती में नहीं आते."

साहेबाचा चेहरा लाल झाला. हाकेवाल्यांतला एक कोरकू आदिवासी म्हणाला, "साब, पुराने गाँव की झाड़ी तरफ कोई बहुत चिल्लाया. बचाओ-बचाओ बोला."

"हाँके में चिल्लाएगा नहीं तो क्या भजन गाएगा?" साहेब म्हणाला, आणि पुन्हा हशा. त्यात मीही होतो. साहेबानं तंबू आवरायला सांगितले. दोन माणसांनी ज्याला बाहेर जाताना पाहिलं, त्याला आत शोधणार कोण?

जंगलात तिथे एक उठून गेलेलं गाव होतं. घरं पडून गेलेली, घाणेरीची झुडपं माजलेली, आणि त्या झुडपांच्या पोटात एक कोरडी विहीर. हाकेवाले झुडपं चुकवून दोन्ही बाजूंनी पुढे गेले. दाजी रागात होते, सरळ मधून घुसले. पाय मोडून तळाशी पडले. डब्या-ढोलांच्या गोंगाटात ते बोंबलत होते, आणि वर सगळेच बोंबलत होते.

हे आम्हाला नंतर कळलं.

मी संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. ताई दारातच.

"दाजी आले ना?"

"येऊन गेले की. दुपारी."

"काय म्हणाले?"

"तोंड उघडतील तर शपथ. ओट्यावर बसले, हात पुढे केला. मी पाणी दिलं. तांब्यावर तांबा, तांब्यावर तांबा... अख्खी घागर संपवली रे. जेवायला वाढते म्हटलं तर पानाकडे बघितलंही नाही. उठले अन् चालले."

"कुठे?"

"निघालेल्या माणसाला असं विचारतात का कोणी? आईनं हेच शिकवलं तुला?"

मी निर्धास्त झालो. साहेबाला निरोप पाठवला, की जीजाजी घरी पोचले. आणि त्या रात्री मी आमरस खाल्ला. किती खाल्ला ते विचारू नका. दाजी तेव्हा कुठे होते ते तुम्हाला आता माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडलो होतो. बाहेर तांब्याचा आवाज झाला, ताई म्हणाली, "घ्या." मी डोळे चोळत बाहेर येईपर्यंत ते ओटा उतरले होते. पाठमोरे. खाकी शर्ट, हात मागे बांधलेले, गल्लीतून चाललेले. मी तोंड उघडलं, तशी ताईनं डोळे वटारले. मागून हाक मारायची नाही. मी तोंड मिटलं.

"कुठं उतरलेत कोण जाणे," ताई म्हणाली. "अजून राग गेलेला दिसत नाही. पण पाणी पितात ना माझ्या हातचं? येतील मग."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून आलो तर ती ओट्यावर बसलेली. समोर तांब्या, काठोकाठ भरलेला.

"आज प्यायले नाहीत," ती म्हणाली. "ओठाला लावला अन् खाली ठेवला. माझ्याकडे बघून हसले. गेले."

आम्ही बोलतोय तोच गल्लीत खात्याची जीप शिरली. वर्माबाबू उतरले. चेहरा राखेसारखा.

"मास्टरजी... वो मिल गए."

"कौन?"

"आपके जीजाजी. कुएँ में. ज़िंदा हैं."

"अहो, ते दुपारीच इथून गेले!" ताई म्हणाली. वर्माबाबू तिच्याकडे बघत राहिले. मग तांब्याकडे.

तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांनी पहिल्याच दुपारी आवाज ऐकला होता. उठलेल्या गावातून कोणी हाक मारली तर 'ओ' द्यायची नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्या पळाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज, पुन्हा पळाल्या. तिसऱ्या दिवशी आतल्या आवाजानं 'साले साहेब' या नावानं अशा काही शिव्या घातल्या, की एकीचा नवरा म्हणाला, भूत इतक्या घाण शिव्या देत नाही. त्यानं वाकून पाहिलं. खाटेच्या दोऱ्यांची झोळी करून त्यांना वर काढलं. वर आल्यावर कुणीतरी त्यांच्या ओठाला पाणी लावलं. साधारण कोणत्या वेळेला, ते मी नंतर विचारलं. जे उत्तर मिळालं ते तुम्ही ओळखलं असेलच.

खंडव्याला नेलं. पाय सडला होता, गुडघ्यावरून काढावा लागला. वेळेत आणला असता तर राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "पानी कौन दे रहा था इन्हें? इस गर्मी में, सूखे कुएँ में... इनकी तो ज़बान तक नहीं सूखी."

"कोणी नाही," दाजी खाटेवरून म्हणाले. "पण तहान लागलीच नाही. दुपारी-दुपारी पोट गच्च भरल्यासारखं व्हायचं. पाण्यानंच."

ताईचा चेहरा त्या क्षणी जसा उजळला, तसा मी तो आधी कधी पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच. तिच्यानं राहवेना. "अहो, मीच देत होते! रोज येत होतात तुम्ही. ओट्यावर बसायचात, घागर संपवायचात..." तिनं सगळं सांगितलं. हसत, रडत. ते हसल्याचंही सांगितलं.

दाजींनी नजर छताकडे नेली.

"म्हणजे मी तिथे बोंबलत होतो, अन् तू त्याला पाणी पाजत होतीस."

"तुम्हीच होतात हो!"

"मी विहिरीत होतो." आवाज अगदी शांत. "नवरा येतो, जेवत नाही, बोलत नाही, जातो. कुठे निघालात, एवढं एक विचारलं असतंस... मागे चार पावलं आली असतीस... तर हा पाय असता."

"निघालेल्या माणसाला—"

"कळलं," दाजी म्हणाले.

बस. एवढंच. त्यानंतर दाजी ताईशी कधी भांडले नाहीत, कधी आवाज चढवला नाही, हात तर कधीच उचलला नाही. फक्त तिच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. कुबडी घेऊन स्वतः उठायचे, माठापर्यंत जायचे, स्वतः ओतून घ्यायचे. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, सुनांसमोर. ताई तांब्या घेऊन उभी असली तरी तिला वळसा घालून जायचे. एका पायानं वळसा घालायला वेळ लागतो. तितका वेळ ती तांब्या धरून उभी असायची.

आणि कार्यप्रसंगी मला हुकूम व्हायचा. "साले साहेब, सांगा, मी कसा गेलो!" मी सांगायचो. सुपारीपाशी लोक पोट धरून हसायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचे दाजी. मग आत बघून विचारायचे, "काय गं, किती तांबे प्यायला तो?" ताई स्वयंपाकघरात निघून जायची. लोकांना तीही गंमतच वाटायची.

एकदा धीर करून मी म्हणालो, "दाजी, त्या पाण्यावरच तर जगलात तुम्ही. मीही पाहिलं अन् सोडलं. मला काही बोलत नाही, तिलाच का?"

"तुम्ही झाडावर होतात," ते म्हणाले. "अन् निदान सुपारी तरी टाकलीत."

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. शेवटचे काही दिवस त्यांना उठता येत नव्हतं. मुलं पाणी पाजायची, मी पाजायचो. त्या दिवशी सकाळपासून घरघर लागली होती. शेजारच्या बायका जमल्या होत्या, तुळशीपत्र काढून ठेवलं होतं. दाजींचे ओठ हलले. मुलगा औषधाला गेलेला, मी पुढे झालो, पण ताई आधी पोचली होती. तिच्या हातात तांब्या. दाजींनी तिच्याकडे पाहिलं. वळसा घालायला आता तो एक पायही चालत नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

ती घोट घोट पाजत होती आणि ते पीत होते. इतकं पाणी मरणारा माणूस पितो? तांब्या संपला. मग त्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथेच अडकली.

ताईनं तांब्या खाली ठेवला, वाकली, आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, कुठे निघालात?"

शेजारच्या काकूंनी तिचा दंड धरला, "अगं बाई, काय बोलून राहिली तू! अशा वेळेला!"

"कुठे निघालात? सांगून जा."

दाजींनी नजर फिरवली. तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, बोलतील. ओठ हललेही. मग त्यांनी हळूच तोंड भिंतीकडे केलं, आणि तसेच गेले.

स्पष्टीकरण विचाराल तर माझ्याकडे नाही. आम्ही गाड्यांच्या वेळा ताडून पाहिल्या. पहिल्या दिवशी माझ्या डावीकडून गेलेला माणूस त्या दुपारी बुधवाऱ्यात पोचणंच शक्य नव्हतं. उन्हानं भोवळ आली म्हणावं, तर वर्माबाबूंनाही दिसलं. भास म्हणावा, तर घागर कोणी संपवली? तो दाजींना सोडून गेला होता, की त्यांच्यासाठीच पाण्याला आला होता? वर्गात पोरांनी विचारलं असतं तर 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणून वेळ मारून नेली असती. इथे तेही जमत नाही.

सगळं उरकल्यावर ताई मोरीत बसून तो तांब्या चिंचेनं घासत होती. मी दाराशी उभा होतो.

"विचारलं बरं का मी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग झालं," ताई म्हणाली, आणि तांब्या उपडा घातला.